व्यवसायाचं प्रेझेंटेशन, समोरासमोर आणि ऑनलाइन: बेळगाव-निपाणी-खानापूर भागातून नेहमी येणारे प्रश्न

उद्यमबाग, मच्छे, निपाणी, खानापूर, अथणी इथून हे प्रश्न येत राहतात. विचारणाऱ्यांत फौंड्रीवाले आहेत, मशीनशॉपवाले आहेत, काजू-गुळाचे व्यापारी आहेत, बचत गटाच्या ताई आहेत आणि वडिलांच्या धंद्यात नुकतीच उतरलेली पोरंही आहेत. कुठलाही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल. तेच ते पुन्हा लिहायला नको म्हणून काही ठिकाणी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. प्रेझेंटेशन करायला बसलो की आधी पॉवरपॉइंट उघडतो आणि तिथंच अडकतो. सुरुवात कुठून करायची?

लॅपटॉप बंद करून एका कागदावर एकच ओळ लिहा: मीटिंग संपल्यावर समोरच्यानं नेमकं काय करायला हवं? "दोन पार्टची ट्रायल ऑर्डर द्यावी", "ऑडिटला तारीख द्यावी", "कर्जाची फाइल पुढं पाठवावी" ही उत्तरं झाली. "आमच्या कंपनीची ओळख व्हावी" हे उत्तर नव्हे, कारण ओळख झाल्यावर माणूस चहा पिऊन उठून जातो.

ओळ ठरली की तिच्या खाली, हे करायला तो का कचरेल ते लिहा. माल वेळेत येईल का? रिजेक्शन किती? एवढ्या लांबून कशाला मागवायचं? प्रत्येक शंकेला एक स्लाइड, आणि शंका नसेल तिथं स्लाइडही नको. आपली मागणी पहिल्या दोन मिनिटांतच सांगून टाका. ती शेवटच्या "थँक यू"च्या आधी येते तोवर मोठे साहेब फोन घ्यायला बाहेर गेलेले असतात.

२. स्लाइड किती असाव्यात?

अमेरिकी उद्योजक-लेखक गाय कावासाकी यांचा १०-२०-३०चा नियम प्रसिद्ध आहे: १० स्लाइड, २० मिनिटं, ३० पॉइंटपेक्षा लहान अक्षर नाही. तो नवे उद्योग गुंतवणूकदारांपुढं मांडणाऱ्यांसाठी सांगितलेला आहे, पण आपल्या खरेदी विभागाच्या मीटिंगलाही बऱ्यापैकी लागू पडतो. अक्षराचा अंदाज घ्यायला लॅपटॉप टेबलावर ठेवा आणि पाच-सहा पावलं मागं जा. वाचता आलं नाही तर मजकूर कमी करा. मजकूर तेवढाच ठेवून तो बसवायला अक्षर बारीक करणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग आहे.

३. पहिली स्लाइड गणपतीची, दुसरी वडिलांच्या फोटोची, तिसरी कारखान्याच्या इमारतीची. काढून टाकू का?

गणपती राहू द्या, लोक स्थिरस्थावर होईपर्यंत तो पडद्यावर छान दिसतो. वडिलांनी धंदा कधी आणि कशापासून सुरू केला हे एका वाक्यात तोंडी सांगा. इमारतीचा फोटो काढा आणि त्या जागी आतला फोटो लावा: मोल्डिंग लाइन, स्पेक्ट्रोमीटर (धातूतले घटक मोजणारं यंत्र), तपासणीचं टेबल. गेट सगळ्यांचंच सारखं असतं. आयएसओ प्रमाणपत्र स्कॅन करून अख्ख्या स्लाइडवर लावण्यापेक्षा कोपऱ्यात त्याचा क्रमांक आणि मुदत लिहा. मुदत संपलेली नाही ना, हे आधी बघा.

४. आमच्याकडं मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी सगळंच चालतं. बोलायचं कुठल्या भाषेत?

निर्णय ज्याच्या हातात आहे त्याच्या भाषेत. खोलीत आठ जण असतात, पण सही एकाचीच असते. तो कोण आणि त्याला कशात मोकळं वाटतं, हे ज्यानं मीटिंग ठरवली त्याला आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या. यात कुणाला राग येत नाही.

पुणे-चाकणच्या खरेदीवाल्यांशी मराठीत सुरुवात करून तांत्रिक शब्द इंग्रजीच ठेवले की गाडी सुरळीत चालते. तिथं उगाच "ओतकाम" म्हणायला जाऊ नका, सगळे "कास्टिंग"च म्हणतात. बेंगळुरूला स्लाइड इंग्रजीत ठेवा. सुरुवातीला "एल्लरिगू नमस्कार" आणि कन्नड मोडकं असेल तर "ननगे कन्नड स्वल्प बरुत्तदे" एवढं म्हटलं तरी वातावरण सैल होतं. पुढं इंग्रजी किंवा हिंदीत बोललात तर कुणी वाईट मानत नाही. जिल्हा उद्योग केंद्रासारख्या सरकारी कार्यालयात कामकाज कन्नडमधून चालतं, म्हणून तिथं एक पानाचा सारांश कन्नडमध्ये सोबत न्या. तो भाषेचा जाणकार असलेल्याकडून तपासून घ्या, नुसता मोबाइलवर भाषांतरित करून नेऊ नका. गोव्यातल्या हॉटेलवाल्यांना काजू विकायचा असेल तर मराठी-हिंदीवर काम भागतं.

भाषेवरून वाद घालायला आपल्या भागात जागांची कमतरता नाही. विक्रीच्या मीटिंगमध्ये मात्र कुणी तो विषय काढलाच तर "साहेब, आधी दराचं बोलू" म्हणून हसत पुढं जा.

५. शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजीत बोलताना मध्येच शब्द सापडत नाही आणि घाम फुटतो. काय करू?

अख्खं प्रेझेंटेशन इंग्रजीत पाठ करू नका. पाठ केलेलं एका शब्दाला अडलं की पुढचं सगळंच ढासळतं. दोनच जागा इंग्रजीत पक्क्या करा: सुरुवातीची तीन वाक्यं आणि शेवटची मागणी. मधलं सगळं स्लाइडवरच्या आकड्यांच्या आणि आकृतीच्या आधारानं छोट्या वाक्यांत सांगा. "धिस इज अवर ओल्ड प्रोसेस. धिस इज द न्यू वन. रिजेक्शन केम डाउन." यात व्याकरणाचं सौंदर्य नसेल, पण खरेदीवाल्याला हवं ते सगळं आहे.

शब्द अडलाच तर गप्प राहा, "ॲक्च्युअली, ॲक्च्युअली" करत बसू नका. तुम्हाला युगासारखा वाटणारा थांबा ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. तरीही नाहीच सुचलं तर हिंदीत सांगून मोकळे व्हा.

६. ऑफिसात मराठी-कन्नड अक्षरं नीट दिसतात, ग्राहकाच्या कॉम्प्युटरवर चौकोन आणि भलतंच काहीतरी येतं. का?

फाइल श्रीलिपी, कृतिदेव किंवा कन्नडच्या जुन्या नुडी फॉन्टमध्ये टाइप केलेली असणार. असे फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर नसले की खालची इंग्रजी अक्षरंच उघडी पडतात. नवीन मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, मात्र जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला. शिवाय प्रत्येक वेळी पीडीएफ प्रतही सोबत ठेवा, तिच्यात फॉन्ट आतच बसलेला असतो. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथं फॉन्ट फाइलमध्येच बसवायची सोय आहे, पण सगळे फॉन्ट तशी परवानगी देत नाहीत.

७. उभं राहिलं की हात थरथरतात आणि तोंडाला कोरड पडते. ही भीती जाते का?

पुरती जात नाही, आणि जायची गरजही नाही. अंगात ॲड्रेनलिन वाढल्यानं हे होतं. सुरू करण्याआधी दोन-तीन मिनिटं श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, ठोके खाली येतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बोलण्याआधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" म्हणणाऱ्यांचं भाषण सरस ठरलं. करून बघायला पैसे पडत नाहीत.

बाकी सगळं सराव आणि सोयीचं. हातात कागद धरू नका, कागद थरथर दुप्पट करून दाखवतो. कोमट पाणी जवळ ठेवा. वेळेच्या आधी पोचून खोलीत जो असेल त्याच्याशी चार शब्द बोला, म्हणजे पहिलं वाक्य अनोळखी खोलीत बोलावं लागत नाही. आणि सराव मोठ्यानं, उभं राहून, मोबाइलवर वेळ लावून करा. मनातल्या मनात सगळ्यांचंच प्रेझेंटेशन उत्तम होतं.

८. एका शिबिरात सांगितलं की शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के असतो, बाकी सगळं आवाज आणि देहबोली. खरं का?

नाही. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या अभ्यासांवरून आलेत. बोलणाऱ्याला एखादी गोष्ट आवडते की नाही हे ऐकणारा कशावरून ओळखतो, एवढ्यापुरताच तो अभ्यास होता आणि त्यात सुटे शब्द वापरले होते. भावना आणि आवड-नावड सोडून इतर बोलण्याला ते सूत्र लागू नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीही स्पष्ट केलंय. तुमच्या कास्टिंगचा प्रति किलो दर ९३ टक्के हातवाऱ्यांनी कळत नाही. ताठ उभं राहा, लोकांकडं बघा, हात खिशात घालू नका, एवढी देहबोली पुष्कळ झाली.

९. सॅम्पल घेऊन जातो, पण ते हातात दिलं की पुढं कुणी ऐकतच नाही.

ऐकणार कसे? हातात वजनदार वस्तू आली की माणूस ती फिरवून बघणारच. म्हणून क्रम ठरवा. सॅम्पल पिशवीतच ठेवा. दर्जाची स्लाइड आली की पडदा काळा करा. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो सुरू असताना 'बी' दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. मग सॅम्पल द्या आणि गप्प बसा. सगळ्यांच्या हातून फिरून ते परत टेबलावर आलं की बोला.

फौंड्रीवाल्यांसाठी एक युक्ती: अख्ख्या कास्टिंगसोबत त्याच पार्टचा आडवा कापलेला तुकडाही न्या. जाड-बारीक भाग जिथं मिळतात तिथंच पोकळी सापडते, हे समोरच्या क्वालिटीवाल्याला माहीत असतं, आणि तो अंगठा बरोबर तिथंच फिरवतो. तिथं काप स्वच्छ दिसला की पुढच्या तीन स्लाइड दाखवायची गरजच उरत नाही. हीट नंबर (भट्टीतल्या त्या वितळणीचा क्रमांक) आणि त्याच हीटचा स्पेक्ट्रो रिपोर्ट जोडलेला असू द्या.

चपलावाल्यांसाठी: भौगोलिक मानांकन असलेली कोल्हापुरी चप्पल महाराष्ट्रातल्या ४ आणि कर्नाटकातल्या ४ जिल्ह्यांत बनते, आणि त्यात बेळगाव आहे. मुंबई-दिल्लीच्या खरेदीदारांना हे बहुतेक वेळा ठाऊक नसतं. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा जोड समोर ठेवूनच ते सांगा.

१०. पहिल्याच मिनिटाला "दर किती ते सांगा" म्हणतात. आधी सगळं प्रेझेंटेशन करू का?

दर टाळलात तर तो तुमचं काहीच ऐकत नाही, डोक्यात आकडाच घोळत राहतो. टप्पा सांगा: "या वजनाच्या पार्टला अमुक ते तमुक रुपये किलो, पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) कुणाचा आणि मशीनिंग कुठपर्यंत यावर वर-खाली. ते कशानं ठरतं ते दहा मिनिटांत दाखवतो." टप्पा एवढाही रुंद ठेवू नका की त्याला काही अर्थच उरणार नाही.

११. उत्तर येत नसेल अशा प्रश्नाचं काय करायचं?

"आत्ता सांगता येणार नाही, उद्या दुपारपर्यंत मेल करतो" म्हणा, त्यांच्यासमोर डायरीत लिहून घ्या आणि खरंच पाठवा. ठोकून दिलेला आकडा ऑडिटला पकडला जातो.

१२. अर्धा तास दिलेला असतो, आणि आत गेल्यावर "पाचच मिनिटं आहेत" म्हणतात.

म्हणूनच प्रश्न १ मधला कागद. मागणी, सगळ्यात मोठी एक शंका आणि तिचं उत्तर, एवढंच पाच मिनिटांत सांगा. तीस मिनिटांचं भरभर उरकू नका. स्लाइड शोमध्ये स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं. कामाच्या दोन स्लाइडचे क्रमांक तळहाताएवढ्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. बाकीच्या वीस स्लाइड सगळ्यांसमोर सरकवत नेणं अगदीच केविलवाणं दिसतं.

१३. मीटिंगला अण्णाही येतात, कंपनी त्यांचीच. मी बोलत असताना मध्येच सुरू होतात आणि विषय १९८०च्या काळात जातो. त्यांना गप्प कसं करणार?

करू नका. ग्राहकानं इतकी वर्षं त्यांच्या तोंडाकडं बघून माल घेतलाय. त्यांना ठरवून एक जागा द्या, आणि ती घरीच, जेवताना ठरवा: "अण्णा, आपण मेल्टिंग स्वतः का बघतो, रिजेक्ट माल परत का घेतो, हे तुम्हीच सांगा. मी तुमच्याकडं बघितलं की सुरू करा." ज्याला आपली पाळी येणार हे माहीत असतं तो सहसा मध्ये घुसत नाही. तरीही घुसलेच तर पूर्ण बोलू द्या, आणि त्यांच्याच शेवटच्या वाक्याला धरून पुढं जा: "अण्णा म्हणाले ना परत घेतो, त्याचे गेल्या वर्षीचे आकडे हे बघा." ग्राहकासमोर "अण्णा, थांबा हो" म्हणणं टाळाच. दोघांचीही किंमत कमी होते.

१४. युनिट माझं, हिशेब माझा, पण सगळे प्रश्न शेजारी बसलेल्या नवऱ्याला विचारतात. ताई, वैताग येतो!

येणारच. बसायच्या जागा आधी ठरवा: लॅपटॉप आणि निर्णय घेणाऱ्याच्या समोरची खुर्ची तुमची, यजमान बाजूला. ओळख तुम्हीच करून द्या: "मी मालक, उत्पादन आणि दर माझ्याकडं. हे डिलिव्हरी बघतात." त्यांच्याशी घरी एक करार करा, की दराचा किंवा मालाचा प्रश्न आला तर उत्तर येत असलं तरी "ते त्याच सांगतील" एवढंच म्हणायचं आणि तुमच्याकडं बघायचं. दोन-तीनदा असं झालं की प्रश्न आपोआप वळतात. यजमानांना हे जमणार नसेल तर पुढच्या वेळी त्यांना गाडीतच बसवा.

१५. बँकेच्या मॅनेजरसमोरही हेच सगळं करायचं का?

नाही, तिथं पडदा-प्रोजेक्टर काही नको. तीन-चार छापील पानं आणि दहा मिनिटं. आपल्याकडच्या शाखांत मॅनेजर बरेचदा आंध्र, तमिळनाडू किंवा केरळातून बदली होऊन आलेले असतात, तेव्हा इंग्रजी किंवा हिंदीची तयारी ठेवा. त्यांचा खरा प्रश्न एकच असतो: हप्ता कुठून येणार? म्हणून पहिल्या पानावर महिन्याची आवक, खर्च आणि हप्ता एकाखाली एक लिहा, आणि ऑर्डरची पत्रं मागं जोडा.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाखाली जात असाल तर उत्पादनाला प्रकल्प खर्चाची कमाल मर्यादा ५० लाख आणि सेवा व्यवसायाला २० लाख आहे. स्वतःचा वाटा सर्वसाधारण गटाला १० टक्के, महिलांसह विशेष गटाला ५ टक्के. हा वाटा कुठल्या खात्यात आहे हे न विचारता दाखवा. अनुदानाबद्दल फार बोलू नका. अनुदानासाठीच धंदा काढतोय असं वाटलं की मॅनेजर आखडता हात घेतात.

१६. ऑनलाइन मीटिंग कारखान्यातूनच करावी लागते. मागं ग्राइंडिंगचा आवाज, पावसाळ्यात पत्र्यावर धो धो.

पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला पत्र्याच्या शेडमधून बोलायचं म्हणजे समोरच्याला फक्त पाऊस ऐकवायचा. लॅपटॉपच्या माइकवर भिस्त ठेवू नका, तो खोलीतलं सगळं उचलतो. वायरवाला साधा इअरफोन घ्या, त्याचा माइक तोंडाजवळ येतो. स्लॅबची खोली नसेल तर दारं-काचा बंद करून कारखान्याबाहेर उभ्या केलेल्या गाडीत बसणं खरंच चांगलं, पाऊस नसेल तेव्हा. चालत्या गाडीतून मात्र नको, आणि चोरल्याच्या घाटात तर रेंजच दगा देते.

उजेड समोरून हवा. खिडकीला पाठ करून बसलात की चेहरा काळा दिसतो. लॅपटॉपखाली दोन-चार फाइली ठेवा म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला येईल.

१७. ऐन मीटिंगमध्ये लाइट गेली तर?

लॅपटॉप चालू राहतो, राउटर बंद पडतो. राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा, पण ते घरच्या इंटरनेटपेक्षा वेगळ्या कंपनीचं असू द्या. प्रेझेंटेशनची पीडीएफ दहा मिनिटं आधी समोरच्याला मेल करून ठेवली असेल तर व्हिडिओ बंद करून नुसत्या फोनवरही "आता पान चार बघा" म्हणत काम पुरं करता येतं.

१८. ऑनलाइन सगळ्यांचे कॅमेरे बंद. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. ऐकतात तरी का?

काही ऐकतात, काही मेल बघत बसतात. "काही प्रश्न?" असं सगळ्यांना मिळून विचारलं की शांतताच मिळते. नाव घेऊन, सोपं आणि त्यांच्या कामाचं विचारा: "कुलकर्णी सर, तुमच्या लाइनला हे पॅकिंग चालेल का?" हे दर चार-पाच मिनिटांनी करा. आणि ऑनलाइनसाठी एका स्लाइडवरचा मजकूर दोन स्लाइडवर पसरा. पडदा हलत राहिला की लक्ष टिकतं.

१९. कारखान्याचा व्हिडिओ दाखवला तर त्यांना आवाज येत नाही. आणि मीटिंग मध्येच तुटते.

झूमवर स्क्रीन शेअर करताना "शेअर साउंड"ची खूण करावी लागते. गूगल मीटवर व्हिडिओ ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडून तो टॅब शेअर करा. तुटण्याचं कारण बहुधा फुकटचा प्लॅन: झूमवर ४० मिनिटांची मर्यादा, मीटवर तीन किंवा जास्त जण असले तर ६० मिनिटांची. ग्राहकालाच लिंक पाठवायला सांगितलं की हा प्रश्न मिटतो.

२०. अर्धे लोक खोलीत, अर्धे ऑनलाइन. कुणाकडं बघून बोलायचं?

सगळ्यात अवघड प्रकार हाच. ऑनलाइनवाले लवकरच विसरले जातात. खोलीतल्या एकाला "ऑनलाइनचा माणूस" नेमा. चॅट बघणं आणि "त्यांना ऐकू येत नाहीये" असं मध्येच ओरडून सांगणं हे त्याचं काम. खोलीतल्या कुणी प्रश्न विचारला की उत्तराआधी तो माइकजवळ पुन्हा म्हणा. सॅम्पल हातात देणं (प्रश्न ९) इथं चालत नाही, म्हणून आधीच एक कुरिअरनं पाठवा किंवा जवळून काढलेला फोटो ठेवा.

२१. जर्मनी-अमेरिकेच्या ग्राहकांपुढं आकडे सांगताना गोंधळ होतो.

स्लाइडवर लाख-कोटी नकोतच. १० लाख म्हणजे १ मिलियन, १ कोटी म्हणजे १० मिलियन. आपण मनात "सव्वादोन कोटी" म्हणतो आणि तोंडून भलतंच मिलियन निघतं, तेव्हा २२.५ मिलियन हे आधीच लिहून ठेवा. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब वापरतात, त्यामुळं १.५०० हे दीड की दीड हजार, असा घोळ होऊ शकतो. शेजारी एकक लिहा आणि तोंडानंही म्हणा.

वेळेचंही तेच. जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागं, हिवाळ्यात साडेचार. तिथली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. अमेरिकेत मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. आमंत्रणात दोन्हीकडची वेळ लिहा.

२२. बाहेरच्या ग्राहकाला बेळगावला बोलवायचं आहे. कुठले दिवस टाळू?

१ नोव्हेंबर टाळा. कर्नाटक राज्योत्सवाची सुटी असते, मिरवणुकांनी रस्ते भरलेले असतात आणि शहरातलं वातावरणही वेगळं असतं. गणपती विसर्जनाचा दिवस आणि त्याचा दुसरा दिवसही नको, कामगार येत नाहीत. लाइन बंद असलेला कारखाना दाखवून उपयोग काय?

२३. मीटिंग चालू असतानाच कळलं की ऑर्डर आधीच दुसऱ्याला दिली आहे. आता काय, उठून यायचं?

लॅपटॉप बंद करा, पण बसून राहा. उरलेला वेळ विचारण्यात घालवा: दर किती कमी होता, की डिलिव्हरीत अडलं? दुसरा सोर्स ठेवायचा विचार आहे का? बहुतेक मोठ्या कंपन्या एकाच पुरवठादारावर पूर्णपणे विसंबून राहायला बिचकतात. "त्यांच्याकडं माल अडकला तर आम्हाला किती दिवस आधी सांगाल?" हा प्रश्न विचारा आणि सॅम्पल तिथंच ठेवून या. निघताना क्वालिटीवाल्याचा नंबर घ्या, खरेदीवाल्याचा तर आधीच असतो. माल अडकला की पहिला फोन क्वालिटीवरूनच येतो.